गोमेचा पाय

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. तिची दुसरी बाजू मला गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी समजली. गोम लंगडत नसेल. पण तिचे नाव शोधणारा मात्र लंगडतो!

माझे आजोबा काही वर्षे पूर्व आफ्रिकेत नोकरीला होते. तिथून आणलेली, स्पिरिटमध्ये ठेवलेली एक मोठी गोम आमच्या घरी आहे. बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘मोंबासा. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स.’ ती मी प्रदर्शनात ठेवायला नेली, तेव्हा सर म्हणाले, “नाव तपासलेस का?” मी कला शाखेचा विद्यार्थी, पण आजोबांच्या शब्दावर शंका घेतलेली मला आवडली नाही. म्हणून भिंग मागून घेतले आणि तपासायला बसलो.

प्रथम रंग. तो उपयोगाचा नाही, हे लगेच कळले. स्पिरिटमध्ये रंग उडतो, आणि जिवंतपणीही एकाच जातीच्या गोमा निरनिराळ्या रंगांच्या असू शकतात. मग पाय मोजले : 21 जोड्या. डोक्याच्या प्रत्येक बाजूला चार साधे डोळे. म्हणजे कुल स्कोलोपेंड्रिडी. इथवर आजोबा बरोबर होते. लिनीअसने 1758 मध्ये नाव दिलेली मॉर्सिटन्स ही जाती याच कुलातील असून ती आफ्रिकेत आणि भारतात, दोन्हीकडे आढळते.

खरी परीक्षा पुढे होती. गोम शरीराच्या बाजूंवरील श्वासरंध्रांनी श्वास घेते. स्कोलोपेंड्रा वंशात या रंध्रांच्या नऊ जोड्या असतात. सातव्या पायाच्या खंडावर रंध्र नसते, आणि रंध्रांचा आकार त्रिकोणी फटीसारखा असतो. मोजताना एक काळजी घ्यावी लागते. डोक्याखालच्या विषारी नांग्या हेही मुळात पायच. पण त्यांना मोजणीत धरायचे नाही. मी तीन वेळा मोजले. सातव्या खंडावर रंध्र होते! एकूण जोड्या दहा. रंध्रे मोठी, गोलसर, आणि तिसऱ्या खंडावरचे तर सर्वांत ठळक. ही लक्षणे एथ्मोस्टिग्मस वंशाची. ग्रीक भाषेत ‘एथ्मॉस’ म्हणजे चाळणी. रंध्रावरूनच हे नाव पडले आहे.

आजोबा चुकले होते. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

आता जाती. सहाराच्या दक्षिणेस दूरवर पसरलेली या वंशातील जाती म्हणजे ट्रायगोनोपोडस. लीचने तिला 1817 मध्ये नाव दिले. ‘हीच असणार’ म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा सरांनी विचारले, “शेवटचे पाय पाहिलेस?” जाती ठरवताना शेवटच्या जोडीच्या जाड मांडीवरचे काटे आणि त्यांची मांडणी फार महत्त्वाची असते. आमच्या गोमेचा त्यांपैकी एक पाय गळून गेला होता. दुसरा बारीक व आखूड होता. तुटलेला पाय पुढच्या कात टाकण्याबरोबर पुन्हा फुटतो. मात्र नव्या पायावर काटे पूर्वीसारखे येतीलच असे नाही. म्हणजे साक्षीदार दोन, एक बेपत्ता आणि दुसरा बदललेला!

शेवटी मी चिठ्ठीवर लिहिले : ‘एथ्मोस्टिग्मस, जाती बहुधा ट्रायगोनोपोडस, शेवटच्या पायांअभावी अनिश्चित.’ प्रदर्शन पाहायला आलेल्यांपैकी काही जण या ‘बहुधा’ला हसले. पण जिथे पुरावा थांबतो तिथे नावानेही थांबावे, हे मला पटले आहे. आत्मविश्वासाने लिहिलेली चुकीची चिठ्ठी पुढच्या प्रत्येकाला फसवते. मीसुद्धा तिच्यामुळेच फसलो होतो.

आजोबांची चिठ्ठी मात्र मी काढली नाही. एथ्मोस्टिग्मस हा वंश आपल्या सह्याद्रीतही राहतो; 2018 मध्ये जान्हवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम्ब यांनी त्यातील एका नव्या जातीला सह्याद्रेन्सिस असे नाव दिले. बाटलीवर ठिकाण नसते, तर ही गोम आफ्रिकेची की आपल्या घाटातली, हाही प्रश्न उभा राहिला असता. आजोबांचे नाव चुकले. पण जे त्यांनी स्वतः पाहिले होते ते, म्हणजे ‘मोंबासा’, त्यांनी अचूक लिहून ठेवले. त्या एका शब्दाच्या आधारानेच मी ‘बहुधा’पर्यंत तरी पोचलो.