आधी पाणी, मग तिकीट

बाबांनी चपला काढल्या, दोन पावलं पाण्यात टाकली आणि समोर बघत म्हणाले, "आज अष्टमी ना? भांग आहे. आत्ता सुकती कशी मिळणार?"

आम्ही उभे होतो जपानच्या चिचिबुगाहामा किनाऱ्यावर. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात, मितोयो शहराच्या हद्दीतला हा साधारण एक किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा. ओहोटीला पाणी मागे सरलं की वाळूत उथळ डबकी उरतात. वारा पडलेला असला की त्यांचा आरसा होतो आणि सूर्यास्ताच्या वेळी त्यात आभाळ उतरतं, काठावर उभी असलेली माणसं उलटी दिसतात. हे फोटो जगभर फिरले आणि किनाऱ्याला 'जपानचं उयुनी' म्हणू लागले. उयुनी म्हणजे बोलिव्हियातला तो मिठाचा विस्तीर्ण पठारी भाग. या किनाऱ्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं 'वडील' आणि 'आई' अशी आहेत. आई-बाबा अलिबागहून तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे ओसाकाला आले होते. त्यांना न्यायला याहून चांगली जागा मला सुचली नाही.

त्या संध्याकाळी तिथे आरसा नव्हता. जिथे डबकी असायची तिथे गुडघाभर पाणी हलत होतं. सूर्य छान मावळला, आभाळ केशरी झालं, पण ज्यासाठी आलो होतो ते दिसलं नाही. आई म्हणाली, "असू दे गं, समुद्र तर बघितला." समुद्र तिने जन्मभर पाहिला आहे, म्हणून ते वाक्य मला जास्त लागलं.

चूक सर्वस्वी माझी होती. गाडीचं आरक्षण मी आधीच केलं होतं. आठवडाभर रोज हवामान बघत होते, पावसाची शक्यता नाही याची खात्री केली होती. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र एकदाही उघडलं नाही. त्या दिवशी दुर्गाष्टमी होती. आईचा उपवास होता, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते. तिथी तिघांनाही ठाऊक होती. लहानपणी कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर आधी ओहोटी विचारायची, हे आमच्याकडे पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. अष्टमीच्या सुमाराला समुद्र फार आत-बाहेर होत नाही आणि भरतीच्या वेळाही अमावस्या-पौर्णिमेच्या मानाने जवळपास सहा तासांनी सरकलेल्या असतात. आई-बाबांना अचानक आनंद द्यायचा म्हणून मी बाबांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी घरी बसूनच सांगितलं असतं.

दुसरी चूक परतीची. किनाऱ्यापासून तकुमा स्टेशनपर्यंत गावची बस आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. आम्ही सूर्यास्ताला थांबलो आणि शेवटची बस निघून गेली होती. एवढ्या लहान ठिकाणी टॅक्सी रस्त्यात हात दाखवून मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. एका कॅफेतल्या बाईंनी आपण होऊन फोन केला. टॅक्सीला बराच वेळ लागला, आरक्षणाची गाडी चुकली आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा थंडीत स्टेशनच्या बाकावर पुढच्या गाडीची वाट बघत बसले. त्या बाकावरची आईची शाल घेतलेली मूर्ती मी विसरलेले नाही.

सहा दिवसांनी कोजागिरी होती. या वेळी बाबांना आधी विचारलं, मग तिथलं वेळापत्रक पाहिलं. ओहोटी सूर्यास्ताच्या जवळपास येत होती. पुन्हा गेलो. पाणी दूरवर सरलेलं, ओल्या वाळूवर लाटांच्या बारीक रेघा आणि मध्ये ताटाएवढी, अंगणाएवढी डबकी. मी वाळूवर बसून मोबाइल उलटा धरला, कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवला. पलीकडच्या काठावर आई-बाबा हात धरून उभे राहिले. तो फोटो आता अलिबागच्या घरात देवघराशेजारी आहे. पण त्याच सहलीचा खर्च मी दोनदा केला. मी ओसाकात राहते म्हणून ते जमलं. आठ-दहा दिवसांसाठी भारतातून येणाऱ्याला दुसरी संधी नसते. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

तारीख ठरवण्याआधी पाणी बघा. मितोयोची पर्यटन संस्था सूर्यास्त आणि ओहोटीच्या वेळा जुळणाऱ्या दिवसांचं कॅलेंडर प्रसिद्ध करते. साधारणपणे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस तिथे चांगले. तीन शब्द लक्षात ठेवा: 'ओशिओ' म्हणजे आपलं उधाण, 'कोशिओ' म्हणजे भांग आणि 'कान्चो' म्हणजे पूर्ण ओहोटी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे, तो तिथे लावू नका. दिवस पंचांगावरून हेरा, तास तिथल्या तक्त्यावरून घ्या. वाऱ्याचा अंदाजही बघा, कारण झुळकीनेसुद्धा आरसा मोडतो.

परतीची सोय सकाळीच करा. शेवटच्या बसची वेळ लिहून ठेवा किंवा टॅक्सी आधी सांगून ठेवा. सूर्यास्तानंतरचा अर्धा तासही बघण्यासारखा असतो, तो हिशोबात धरा. वयस्क माणसं बरोबर असतील तर मुक्काम तिथेच करावा, हे माझं ठाम मत आहे.

दिवसाचा आधीचा भाग जवळच्या कानोंजी गावात घालवा. ओकायामाहून सेतो पूल ओलांडून येणारी जलद गाडी तिथे थांबते. कोतोहिकी टेकडीच्या पायथ्याशी वाळूत कोरलेलं अवाढव्य नाणं आहे, पूर्व-पश्चिम १२२ मीटर आणि दक्षिणोत्तर ९० मीटर. वरून बघितल्यावर गोल दिसावं म्हणून ते मुद्दाम लांबट केलेलं आहे. १६३३ मध्ये सरदार येणार म्हणून लोकांनी ते एका रात्रीत काढलं अशी आख्यायिका आहे. ४०४ मीटर उंच डोंगरावरच्या ताकाया मंदिराच्या तोरणातून खालचं गाव आणि समुद्र एका चौकटीत दिसतात. चालत जाणाऱ्यांना शेवटी २७० पायऱ्या लागतात. शनिवार-रविवारी खासगी गाड्यांना वर बंदी असते आणि खालून बस सुटते, तिची वेळ आधी बघा.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. कागावाचे उदोन नूडल्स प्रसिद्ध आहेत, पण त्यांचा रस्सा सहसा इरिको या सुक्या मासळीचा असतो. वाटीत मासा दिसत नाही, म्हणून फसायला होतं. बरोबर खाणं ठेवा.

आणि किनारा जपा. इथे एके काळी भराव घालायचं चाललं होतं. गावकऱ्यांनी किनारा राखला, आजही ते तो साफ करतात. डबक्यातून धावू नका, दुसऱ्याचा आरसा गढूळ होतो.

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी एकदा घरातलं कॅलेंडर उघडा, आणि त्यांनाही विचारा.