जकात आणि सदका : शब्दांची नाती

‘जकात’ हा शब्द कानी पडताच एखाद्याला रमजान आठवतो, तर एखाद्याला शहराच्या वेशीवरचा नाका. शिवकालीन पत्रांतही जकात म्हणजे मालावरचा कर होय. धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचे सोलापूर इंग्रजी अमलात. सीमा ओलांडणाऱ्या मालावर संस्थान घेत असलेल्या कराला ‘करोडगिरी’ म्हणत. पुढे मात्र नगरपालिकांच्या ‘जकात नाक्या’मुळे हाच शब्द सर्वत्र रूढ झाला.

एका शब्दाचा एक अर्थ दुसऱ्यातून निघाला, तर भाषाशास्त्र त्याला अनेकार्थता म्हणते. मालातून सक्तीने घ्यावयाचा वाटा, एवढाच धागा नाक्यावर उरला. अरबी धातूतील वाढ आणि शुद्धी हे अर्थ मागेच गळाले. म्हणूनच ‘सरकारला कर भरतो, मग निराळी जकात कशाला?’ हा प्रश्न फसवा आहे. कराचा विनियोग शासन ठरविते. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या 60 व्या आयतीने ठरविले आहेत.

त्याच आयतीत शब्द मात्र ‘सदकात’ असा आला आहे. येथे गोंधळू नये. ज्वारी आणि धान्य यांचे जे नाते, तेच जकात आणि सदका यांचे. प्रत्येक जकात सदका आहे, पण प्रत्येक सदका जकात नव्हे. दारी आलेल्याच्या झोळीत आपण पसाभर ज्वारी घातली, तर तो सदका झाला. जकातीची नियत नसेल तर वर्षअखेर तो जकातीच्या हिशेबात धरता येणार नाही. (‘खैरात’ची गत तर याहून वाईट. कुरआनात त्याचा अर्थ सत्कृत्ये. मराठीत मात्र ‘खैरात केली’ म्हणजे उधळपट्टी केली!)

सर्वांत मोठी गफलत ‘फकीर’ या शब्दाने होते. मराठीत फकीर म्हणजे कफनी आणि कटोरा. कुरआनातील फकीर म्हणजे गरजवंत. आयतीत त्याच्या शेजारीच ‘मिस्कीन’ आहे. दोन्ही शब्द समानार्थी वाटतात, तरी फुकहांनी त्यांत भेद केला. इमाम अबू हनीफा यांच्या मते मिस्कीन अधिक हलाखीत असतो, इमाम शाफई यांच्या मते फकीर. सूरह बकराच्या 273 व्या आयतीत तर अशा फकिरांचे वर्णन आहे की, ते मागत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो.

भूम-परंड्याकडे पावसाने दगा दिला की असा माणूस आपल्याच गल्लीत असतो. तो कटोरा घेऊन येणार नाही. स्वच्छ कपडे घालून नमाजला येईल, सलाम करील, विचारल्यास ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणेल. जकातीची यादी करताना ‘फकीर’ शब्दाचा मराठी अर्थ मनात धरला, तर त्याचे नाव सुटते आणि त्याचा हक्क भलत्याच्या हाती जातो. राहते घर आणि कामाची अवजारे त्याच्या मालकीची आहेत, एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही.