ऊन पडलं, पण पाणी चढेना

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. धोक्याची पातळी 25 फूट. नदी 37 फुटांपर्यंत चढली. अनेक वस्त्यांची वीज बंद करावी लागली. मग पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं. कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर 20 किलोवॉटचे सौर पॅनेल तळपत होते आणि वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप मुका होता. जिन्यात जमलेल्या सगळ्यांच्या नजरा एका माणसाकडे वळल्या. तो माणूस म्हणजे प्रस्तुत लेखक, सोसायटीचा तेव्हाचा सेक्रेटरी.

"अहो, लाइट गेली तरी हे चालणार होतं ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा प्रश्न. सेक्रेटरीकडे उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न त्यानं ठेकेदाराला कधी विचारलाच नव्हता.

खरं तर कारण साधं आहे. बहुतेक गच्च्यांवर बसतो तो वीजवाहिनीला जोडलेला, ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. वाहिनीतली वीज गेली की तो आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून झटका बसेल. आमचा इन्व्हर्टर तर तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतच होता. केबल कमी लागते म्हणून तिथे बसवलेला. पुराचं पाणी आत शिरलं आणि तो बुडाला. वॉरंटीत पुराची सोय नव्हती. शहराची वीज परतली, तरी आमची सौर वीज दोन महिने बंदच राहिली.

धोरण वाईट होतं, असं मात्र सेक्रेटरी म्हणणार नाही. 2019 च्या सूर्या गुजरात योजनेत घरगुती ग्राहकाला 3 किलोवॉटपर्यंत 40 टक्के अनुदान होतं, सोसायटीच्या सामायिक वापराला 20 टक्के. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका घराला जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात, तर सोसायटीला किलोवॉटमागे 18,000. पण हे सारं पॅनेलच्या किलोवॉटवर मोजलं जातं. बॅटरीला अनुदान नाही. बिल कमी करणं आणि अडचणीत वीज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला पुरानं शिकवलं.

सामूहिक सौर वीज म्हणजे काय, ते पाहायचं तर खेडा जिल्ह्यातल्या ठासरा तालुक्यातलं धुंडी गाव गाठावं. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप एका छोट्या स्थानिक वीजजाळ्याला (मायक्रोग्रिडला) जोडले, उरलेली वीज एकाच मीटरमधून विकायची ठरवली. बडोद्यात मुख्यालय असलेल्या मध्य गुजरात वीज कंपनीनं युनिटला 4 रुपये 63 पैसे भावानं 25 वर्षांचा करार केला. बदल्यात शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. सौदा काय, देणं काय, घेणं काय, सगळं आधीच लेखी. आम्ही नेमकं तेच टाळलं होतं. मोढेऱ्याची गोष्ट निराळी: सूर्यमंदिराच्या त्या गावाला ऑक्टोबर 2022 मध्ये चोवीस तास सौर वीज मिळू लागली, पण तिथे घरांच्या पॅनेलबरोबर 6 मेगावॉटचा प्रकल्प आणि मोठी बॅटरीही आहे.

तेव्हा नवी योजना घेणाऱ्या सोसायटीनं सही करण्याआधी ठेकेदाराला समोर बसवून विचारावं: वीज गेली तर काय चालेल? पंप आणि जिन्याचे दिवे तरी चालायला हवे असतील, तर बॅटरीवरही चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर, बॅटरी आणि पंप-दिव्यांचं वेगळं वायरिंग पहिल्यापासून घ्यावं. लिफ्टचा मोह सोडावा, ती बॅटरी गिळते. इन्व्हर्टर पुराच्या जुन्या खुणांपेक्षा उंच हवा. पॅनेल देशी बनावटीचे नसतील तर अनुदान अडतं, म्हणून बिलावर तसं लिहून घ्यावं. पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. कधी, कोण येणार हेही करारात मांडावं. आणि पॅनेल धुणार कोण, हे सर्वसाधारण सभेत ठरवावं. आमच्याकडे सहा महिने ते कोणाचंच काम नव्हतं.

नवा इन्व्हर्टर आता जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या दाराशी बसवला आहे. पंपापुरत्या बॅटरीचा ठराव दोन सभांपासून पडून आहे. तळमजल्यावाल्यांनी वर्गणी किती द्यायची, इथे घोडं अडलंय.