चित्रफितींचें दुकान

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणिला. त्याच्या एका जाहिरातींत ५७,००० छायाचित्रें, २ मैल लांबीचें चित्र आणि दर केवळ ३ आणे, असें स्पष्ट सांगितलें होतें. महाजालावर चित्रफिती विकणाऱ्या संकेतस्थळानेंही हाच धडा गिरवावा. किंमत, कालावधि व नमुना प्रथम दाखवावा.

दुसरी गोष्ट वजनाची. सेकंदास १० लक्ष बिट लागणारी तासाभराची चित्रफीत, ८ बिटांचा १ बाइट या हिशेबानें, ४५० मेगाबाइट भरते. निम्म्या वेगाची २२५. धानोऱ्याकडील रानांत जेथें लहरी क्षीण पोहोंचतात, त्या घरांसाठीं हलकी प्रतही ठेवावी. पैसे घेतल्यावर चित्र अडखळलें, तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. आणि तो जाहिरातीनें परत येत नाहीं.