खेळाडू विद्यार्थिनी आणि महाविद्यालयाची निवड

मैसूरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरांवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे तालुक्याचे गाव आहे. श्रीकंठेश्वराचे भव्य देवालय, रसबाळे जातीची केळी आणि अलीकडच्या काळात उभे राहिलेले कारखाने यांमुळे हे नाव दूरवर पोहोचले आहे. गोल्फशी या गावाचा तसा संबंध नाही. खेळाचे मैदान मैसूरला, रेसकोर्सच्या लगत, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी आहे. नंजनगूडच्या ज्या मुलीला या खेळाची गोडी लागली तिला चामराजनगरकडून येणारी आगगाडी किंवा बस पकडून सकाळी तेथे जावे लागते आणि शाळेच्या वेळेपर्यंत परतावे लागते. अशी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, तिच्या हातून स्पर्धांमध्ये बरे गुण नोंदले जाऊ लागले, की घरात एक प्रश्न उभा राहतो: पुढचे शिक्षण कोठे घ्यावयाचे, आणि त्या शिक्षणात खेळाला जागा असेल काय?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्यात कुटुंबाची बचत गुंतलेली असते आणि मुलीची चार वर्षे गुंतलेली असतात. त्यातील दुसरी गोष्ट परत मिळविता येत नाही.

आपल्याकडे महाविद्यालय आणि गोल्फ यांचा संसार वेगवेगळा आहे. खेळ क्लबच्या मैदानावर शिकला जातो, स्पर्धा १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय गोल्फ संघाच्या कार्यक्रमानुसार होतात, आणि पदवीचा अभ्यास या साऱ्यापासून अलग, बहुधा त्याच्याशी झगडत चालतो. प्राध्यापकाने हजेरीत सूट दिली तर ती त्याची मेहेरबानी. अमेरिकेतील व्यवस्था याहून निराळी आहे. तेथे महाविद्यालय स्वतःच संघ उभा करते, शिक्षक नेमते, मैदानाची सोय करते, प्रवासाचा खर्च सोसते आणि निवडक खेळाडूंना शिष्यवृत्तीही देते. महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा १९४१ साली ओहायो राज्य विद्यापीठात झाली. परंतु मुलींच्या संघांना पैसा मिळू लागला तो १९७२ च्या कायद्यानंतर. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करता कामा नये, असे त्या कायद्याने ठरविले, आणि खेळाचा खर्चही त्या कक्षेत आला. एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९८२ पासून मुलींची गोल्फ स्पर्धा आपल्याकडे घेतली. आज तिच्या पहिल्या श्रेणीतच मुलींचे अडीचशेहून अधिक संघ आहेत. परदेशी मुलींना त्यांत मज्जाव नाही. किंबहुना अनेक संघ त्यांच्या बळावरच उभे असतात.

तेव्हा गुणी मुलीपुढे दोन वाटा दिसतात. बंगलोरच्या अदिती अशोकने पहिली वाट धरली. १९९८ साली जन्मलेली ही मुलगी शाळेत असतानाच युरोपीय महिला दौऱ्याच्या पात्रता स्पर्धेत पहिली आली, १ जानेवारी २०१६ रोजी व्यावसायिक झाली, त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये वडिलांना कॅडी म्हणून बरोबर घेऊन खेळली, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. महाविद्यालयाच्या संघाची पायरी तिने चढलीच नाही. मैसूरच्या प्रणवी अर्सचा मार्गही हाच. देशातील महिला व्यावसायिक दौऱ्यावर अनेक स्पर्धा जिंकून ती युरोपीय दौऱ्यावर गेली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत अदिती आणि बंगलोरची अवनी प्रशांत यांच्या जोडीने ती भारताकडून खेळली.

दुसऱ्या वाटेवरील नावेही लहान नाहीत. स्वीडनची अनिका सोरेनस्टॅम आणि मेक्सिकोची लोरेना ओचोआ या दोघी अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संघातून पुढे आल्या. सोरेनस्टॅमने १९९१ साली महाविद्यालयीन विजेतेपद मिळविले. न्यू जर्सीत वाढलेली, भारतीय आईबापांची मुलगी मेघा गण्णे २०२१ च्या अमेरिकी महिला खुल्या स्पर्धेत शाळकरी वयातच गाजली होती. तरी ती स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली, आणि तेथे शिकत असताना २०२५ ची अमेरिकी महिला हौशी स्पर्धा तिने जिंकली. त्याच विद्यापीठाची रोझ झँग २०२३ च्या जून महिन्यात आपल्या पहिल्याच व्यावसायिक स्पर्धेत विजयी झाली आणि नंतर सवडीने शिकत राहिली.

मात्र या उदाहरणांवरून निर्णय घेणे धोक्याचे आहे. लोकोत्तर गुणाच्या मुली कोणत्याही वाटेने गेल्या तरी पोहोचतात. आपल्याला विचार करावयाचा आहे तो त्या मुलीचा, जी जिल्ह्यात पहिली आहे, राज्यात पहिल्या दहांत आहे, आणि पुढे कोठवर जाईल हे आज कोणालाही सांगता येत नाही. अशा मुली संख्येने कितीतरी जास्त असतात, आणि निवडीतील चूक महागात पडते ती त्यांनाच. दूरदेशीच्या महाविद्यालयात संघ आहे एवढ्यावरून आपली मुलगी त्यात खेळेलच असे पालक गृहीत धरतात. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

महाविद्यालयीन सामन्यात एका संघाच्या पाच मुली उतरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांपैकी उत्तम चौघींचे गुण धरले जातात. संघात मात्र आठ-नऊ मुली असू शकतात. २०२५ साली अमेरिकेतील न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर, त्यात सामील झालेल्या पहिल्या श्रेणीच्या संस्थांसाठी ही मर्यादा ९ ठरली आहे. म्हणजे भरलेल्या संघात चौघी घरी राहतात. पाचजणी सहसा संघांतर्गत चाचणी फेऱ्यांतून ठरतात, आणि बाकीच्या मैदानावर सराव करीत, वसतिगृहात अभ्यास करीत बसतात. एखाद्या मुलीचे असे एक सत्र गेले तर बिघडत नाही. चारही वर्षे तशी गेली तर तिने घर सोडले ते कशासाठी?

म्हणून महाविद्यालयाच्या नावाआधी त्याच्या पाचव्या मुलीचे गुण पाहावेत. हे अवघड नाही, कारण सामन्यांचे निकाल प्रसिद्ध होत असतात. समजा, आपल्या मुलीची स्पर्धेतील सरासरी ७६ आहे. एका नामांकित संघातील पाचही मुली ७१ ते ७४ च्या दरम्यान खेळतात. दुसऱ्या, कमी प्रसिद्ध संघातील पाचवी मुलगी ७७ वर आहे. पहिल्या ठिकाणी ती प्रेक्षक होईल, दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच वर्षी खेळेल. तिच्या प्रवेशाच्या वर्षी संघातील किती मुली पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, हेही मोजावे. अलीकडे त्यात एक नवी अडचण आली आहे. अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला २०२४ पासून एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येते. त्यामुळे रिकामी होणारी जागा शिक्षक शाळेतून आलेल्या मुलीलाच देतील असे नाही, ते दुसऱ्या संघातील तयार खेळाडूही आणतात.

सरासरी काढताना प्रामाणिक राहिले पाहिजे. क्लबवर मैत्रिणींबरोबर खेळलेली फेरी हिशेबात धरू नये. स्पर्धेतील, नोंद झालेल्या फेऱ्याच धराव्यात. मैदानाची लांबीही सांगावी. मैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि तेथे चेंडू किनाऱ्यापेक्षा किंचित लांब जातो. चेन्नई किंवा मुंबईच्या दमट हवेत खेळलेल्या दोन-चार स्पर्धा गणतीत असल्या म्हणजे आकडा खरा ठरतो.

आता पैशाचा विचार. शिष्यवृत्ती हा शब्द ऐकला की आपल्याकडे सर्व खर्च भागला असे समजतात. मुलींच्या गोल्फमध्ये शिष्यवृत्तीचे तुकडे करून वाटण्याची पद्धत आहे. पूर्वी पहिल्या श्रेणीच्या संस्थेला ६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येई आणि ती आठ-नऊ मुलींत वाटली जाई. समझोत्यात सामील झालेल्या संस्थांवर ती मर्यादा आता राहिलेली नाही, पण मर्यादा गेली म्हणजे तिजोरी भरली असा अर्थ होत नाही. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नसते. तीच गोष्ट हार्वर्ड, येल आदी आठ जुन्या विद्यापीठांची. तेथे मदत मिळते ती कुटुंबाची गरज पाहून, आणि तिसऱ्या श्रेणीत अभ्यासातील गुण पाहूनही. एखाद्या ठिकाणचा वर्षाचा खर्च ५०,००० डॉलर धरला आणि निम्मी शिष्यवृत्ती मिळाली, तर उरलेले २५,००० डॉलर म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम दरसाल घरातून जाईल. चार वर्षांचा गुणाकार वाचकांनी स्वतः करावा. शिवाय राहण्या-जेवणासाठी मिळणारा शिष्यवृत्तीचा भाग तेथे करपात्र असतो, आरोग्याचा विमा घ्यावा लागतो, आणि विद्यार्थी परवान्यावर गेलेल्या मुलीला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही, आणि तेही सामान्यतः महाविद्यालयाच्या आवारातच करावे लागते. तेथील खेळाडू २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवू लागले आहेत. परदेशी विद्यार्थिनीच्या परवान्याला त्यामुळे धोका पोहोचू शकतो, म्हणून त्या उत्पन्नावर हिशेब बांधू नये. अनेक ठिकाणी शिष्यवृत्ती एका वर्षापुरती असते. ती पुढे कोणत्या अटींवर चालू राहील, आणि मुलगी दुखापतीने खेळू शकली नाही तर काय होईल, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा शिक्षक दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच महाविद्यालयात नोकरीला गेलेला असू शकतो.

अभ्यासाची बाजू पालक बहुधा शेवटी पाहतात; ती आधी पाहावी. हंगामात सरावाला आठवड्यास २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि स्वतःहून केलेला सराव धरला तर प्रत्यक्षात वेळ त्याहून पुष्कळ जातो. सामने बहुधा तीन दिवसांचे असतात आणि कित्येकदा पहिल्याच दिवशी ३६ होल खेळावे लागतात. तेवढे वर्ग बुडतात. इतिहास किंवा वाणिज्य शिकणारी मुलगी हे भरून काढते. दुपारची प्रयोगशाळा असणाऱ्या विषयात ते कठीण जाते. मुलीला अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्र हवे असेल तर त्या संघातील कोणी मुलगी तो विषय घेऊन पदवीपर्यंत गेली आहे काय, हा नेमका प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी असले तरी शिक्षक ते हसून टाळतील.

हवामानाबद्दल थोडे. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्याचे काही महिने मैदान बर्फाखाली असते आणि सराव छपराखाली करावा लागतो. टेक्सास, फ्लॉरिडा, अ‍ॅरिझोना येथे वर्षभर खेळता येते, म्हणून तेथील संघांत जागेसाठी चढाओढही मोठी. मैसूरच्या सौम्य हवेत वाढलेल्या मुलीला बर्फ सोसणार नाही असे मानण्याचे कारण नाही. उत्तरेकडे जागा मिळण्याचा संभव अधिक असेल तर तो बर्फ पत्करण्याजोगा आहे.

कागदपत्रांची तयारी नववीपासून करावी लागते. एन.सी.ए.ए.च्या पात्रतेसाठी नववी ते बारावीचे गुण पाहिले जातात. पहिल्या श्रेणीसाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा १६ मूळ अभ्यासक्रमांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. कर्नाटकात एस.एस.एल.सी. आणि पी.यू.सी. यांच्या गुणपत्रिका सगळेच जपतात. नववीची मात्र हरवते. ती शाळेच्या शिक्क्यासह घेऊन ठेवावी. तसेच व्यावसायिक म्हणून नोंदणी करण्याची घाई करू नये. २०२२ च्या नियमांनुसार हौशी खेळाडूला एका स्पर्धेत १,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता येते. परंतु एकदा व्यावसायिक झालेल्या मुलीला महाविद्यालयीन संघाकडे परतण्याची वाट फार अरुंद असते. बारावीनंतर नुसते खेळण्यात वर्षे घालविली तरीही महाविद्यालयीन खेळाची वर्षे कमी होऊ शकतात.

न जाण्याचा पर्यायही मोकळ्या मनाने तपासला पाहिजे. मैसूर येथे १९१६ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, आणि १९९६ पासून कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे मुख्यालयही त्याच शहरात आहे. घरी राहून, मुक्त विद्यापीठातून पदवी घेत, देशातील स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला हजेरीची चिंता राहत नाही आणि खर्चही आटोक्यात राहतो. तिला मिळत नाही ती गोष्ट म्हणजे संघ. रोज आपल्याहून सरस किंवा आपल्याइतक्याच चार मुलींबरोबर खेळण्याने जो फरक पडतो तो एकटीच्या सरावाने पडत नाही. ज्या घराला परदेशातील निम्मा खर्च कर्ज काढूनच भागवावा लागेल, तेथे मुलीला संघातील पाचांत जागा मिळण्याची वाजवी खात्री नसेल तर हा घरचा पर्याय अधिक शहाणपणाचा आहे, असे आमचे मत आहे. खात्री असेल तर मुलगी आहे म्हणून तिला अडविण्याचे कारण उरत नाही.

पत्रव्यवहार मुलीने स्वतः करावा. वडिलांच्या नावाने आलेले पत्र शिक्षकांना फारसे आवडत नाही. पत्र एका पानाचे असावे. त्यात इयत्ता, शाळेतील गुण, गेल्या वर्षातील प्रत्येक स्पर्धेचे नाव, मैदानाची लांबी आणि गुण, वाईट फेऱ्यांसकट, द्यावेत, आणि फटक्यांचे छोटेसे चित्रीकरण जोडावे. नियमानुसार शिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत संघातील जागेविषयी उत्तर देता येत नाही, म्हणून त्याआधीच्या मौनाने खचून जाऊ नये. त्यानंतर उत्तर आले आणि बोलणे पुढे गेले, तर संघातील दोघी-तिघींशी शिक्षकांच्या अनुपस्थितीत बोलण्याची परवानगी मागावी. त्यांपैकी एक पाचांत न खेळणारी असावी. सामन्याच्या आठवड्यात ती मागे राहते तेव्हा तिचा सराव कोण घेते, शाकाहारी जेवण मिळते का, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेते, मागील वर्षी किती मुली संघ सोडून गेल्या आणि का, हे तिलाच ठाऊक असते.