जुना वाडा विकणे आहे : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी एक परिसर-पाठ



आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव जुने वाडे कुलूप लावून उभे आहेत. मालक नोकरीधंद्यासाठी शहरात, चौकात गवत, आणि दारावर किंवा भिंतीवर लिहिलेलं असतं, 'विकणे आहे'. नवीन जालन्यातली आपली बरीच मुलं स्लॅबच्या घरात वाढलेली. त्यांना वाडा म्हटलं की टीव्हीवरचा भुताचा वाडा आठवतो! म्हणून हा पाठ. परिसर, गणित आणि भाषा असे तिन्ही विषय यात येतात. दोन तासिका पुरतात.

पाठाचा मुद्दा एकच आहे : किंमत ठरवण्याआधी वाडा वाचता आला पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याला तिथे फक्त दोनच गोष्टी दिसतात, एक प्लॉट आणि दुसरं सागवान.

१. जाहिरात वाचू या

ही जाहिरात पाठासाठी तयार केली आहे. फळ्यावर लिहा.

"विकणे आहे. गावठाणातील जुना चौसोपी वाडा. दगडी जोते, सागवानी खांब, माळवद, ढेलज, दोन बळदं, आड. वारस सहा. दुरुस्तीस वाव."

आधी मुलांना न कळलेले शब्द सांगू द्या. मग अर्थ द्या.

- चौसोपी : मधल्या चौकाच्या चारही बाजूंना सोपे असलेला.
- ढेलज : मोठ्या दरवाजातून आत आल्यावर बसाउठायची जागा. पाहुणा आधी इथे टेकायचा.
- बळद : धान्य साठवायची बंदिस्त कोठी. जमिनीखाली असेल तर ते पेव.
- जोते : ज्यावर घर उभं राहतं तो दगडी चौथरा.
- तळखडा : लाकडी खांबाखालचा दगड. यामुळे खांबाला ओल आणि वाळवी लवकर लागत नाही.
- खण : दोन तुळयांमधली जागा. पूर्वी घर किती फुटांचं हे न विचारता किती खणांचं, असं विचारायचे.

घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारून असे आणखी पाच शब्द आणा.

२. डोक्यावरची माती

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर लाकडाच्या पट्ट्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. जाड भिंती आणि हा थर यांमुळे ऊन आत पोचायला वेळ लागतो. मे महिन्यात भर दुपारी असं घर गार का लागतं, हे मुलांना इथे कळतं.

माती पांढरीच का? आपल्या शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. छतावर टाकली तर पहिल्याच पावसात घर गळेल. म्हणून जुन्या वस्तीची, गढीची पांढरी माती आणायचे. मराठीत शेतजमिनीला 'काळी' आणि गाववस्तीला 'पांढरी' म्हणतात, ते इथे जरूर सांगा.

३. गणित : छताचं वजन किती?

खोली ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद. मातीचा थर ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर.

५ × ३ × ०.३ = ४.५ घनमीटर माती.

एक घनमीटर माती साधारण १,६०० किलो धरू.

४.५ × १,६०० = ७,२०० किलो. म्हणजे सात टनांहून जास्त!

आता विचारा, गळती थांबवायला जुनी माती न काढता वर नवी टाकत गेले आणि थर ६० सेंटिमीटर झाला तर? मुलं स्वतःच सांगतात, १४,४०० किलो. हा आकडा फळ्यावर तसाच राहू द्या, कारण पुढचा भाग याच आकड्यावर उभा आहे.

४. किल्लारीने काय शिकवलं

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात 'मातीचं घर म्हणजे मरण' अशी भीती बसली. भीती खरीच आहे, तिला हसू नका. पण कारण नीट सांगा.

तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. पण त्या एकसंध नव्हत्या. आतल्या बाजूला एक थर, बाहेरच्या बाजूला एक थर, मध्ये माती आणि दगडगोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. धक्का बसताच थर सुटे होऊन भिंती ढासळल्या आणि वरून मातीचा भार आला. बऱ्याच घरांत मात्र भिंत पडूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे घरातलं सगळंच कच्चं नव्हतं.

५. 'दुरुस्तीस वाव' म्हणजे काय?

- छतावरची जास्तीची माती उतरवून भार कमी करणे.
- भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घालणे.
- खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे आधार देणे.
- पन्हाळी मोकळ्या करून पाणी जोत्यापासून लांब नेणे.
- माती-चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा देणे. सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते.

पालकहो, कुणी असं घर घेत असेल तर आधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरला दाखवा. नुसत्या रंगरंगोटीला दुरुस्ती म्हणत नाहीत.

६. 'वारस सहा' हे दोन शब्द

गावठाणातल्या घराला शेतासारखा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद असते. पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क असतो. त्यामुळे सहा वारसांत बहिणी मोजल्या का, हा प्रश्न वर्गातल्या मुलींनी विचारलाच पाहिजे. एकाची सही राहिली तरी व्यवहार अडकतो. असे कित्येक वाडे सहीची वाट बघत पावसात विरघळतात.

७. चर्चा : वाड्याचं काय करता येईल?

पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या वाड्यात शाळा भरली! वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा आजही उभा आहे आणि 'स्वदेस' चित्रपटात मुलांनी तो परिसर पाहिलाही असेल. हे वाडे नामवंतांचे, म्हणून लोकांचं लक्ष गेलं. गावातल्या साध्या वाड्याला असं संरक्षण नसतं. त्याला घेणारा आणि वापरणाराच वाचवतो.

तीन गट करा. एक गट विकणारा, एक घेणारा, एक गावकरी. घेणाऱ्याने तिथे काय करायचं ते ठरवावं : राहणं, अभ्यासिका, बियाणं साठवणं, पाहुण्यांची सोय. गावकऱ्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत.

शिक्षकांसाठी एक सूचना

विकणाऱ्याला दोषी ठरवू नका. कुणाच्या घरी वाटणीचा वाद चालू असतो, कुणी बहिणीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी घर काढलेलं असतं. ती मुलं आपल्याच वर्गात खाली मान घालून बसलेली असतात. "विकलं म्हणजे चुकलं" असं आपल्या तोंडून जाऊ नये. "विकण्याआधी फोटो काढा, मोजमाप लिहा, आजीची आठवण लिहून ठेवा" एवढं सांगा. घर गेलं तरी नोंद राहते.

स्वाध्याय

१. तुमच्या माहितीतल्या जुन्या घराचा नकाशा पावलांनी मोजून काढा. पडक्या घरात मात्र जाऊ नका, मोठं माणूस सोबत हवं.
२. फळ्यावरची जाहिरात अशी पुन्हा लिहा की वाचणाऱ्याला घरातलं चांगलं आणि धोक्याचं दोन्ही कळेल.
३. थर १५ सेंटिमीटर केला तर छताचं वजन किती?

तिसऱ्याचं उत्तर ३,६०० किलो. दुसऱ्याचं प्रत्येक मुलाचं वेगळं येईल, आणि तेच वर्गात मोठ्याने वाचून घ्या.