पराभवानंतरचा मुष्टियोद्धा आणि त्याचा प्रशिक्षक

गोमंतकात फुटबॉल जसा गावोगावच्या मैदानांवर रुजला आहे, तसे मुष्टियुद्ध रुजलेले नाही. पेडणे व डिचोली तालुक्यांतील ज्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागते, त्यांना प्रथम खेळच समजून घ्यावा लागतो. हा खेळ मारामारीहून निराळा आहे हे घरच्या मंडळींना पटवून देण्यात आणखी काही काळ जातो. अशा स्थितीत पहिली-दुसरी लढत हरून मुलगा घरी परतला, की बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर घरचे लोक त्याचे ग्लोव्ह्ज माळ्यावर टाकतात, नाही तर तो स्वतःच दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दुप्पट धावावयास निघतो. यांतली दुसरी गोष्ट वरवर स्तुत्य दिसते. परंतु आपण कशामुळे हरलो हे ठरण्यापूर्वीच वाढवलेली मेहनत पुष्कळदा वाया जाते, आणि डोक्यास मार बसला असेल तर ती घातकही ठरते.

यास्तव पराभवानंतरचा पहिला प्रश्न लढतीविषयी नसून प्रकृतीविषयी असावा. डोक्यावर जोराचा ठोसा बसला म्हणजे कवटीच्या आतील मेंदू हादरतो. यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, प्रकाश सहन न होणे, झोपेत बिघाड, चिडखोरपणा, नुकतेच घडलेले न आठवणे ही त्याची लक्षणे होत. ती कधी कधी काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. अर्थात ती रिंगजवळ बसलेल्या डॉक्टरांच्या दृष्टीस पडतीलच असे नाही. ती बहुधा घरी आईच्या आणि वर्गात शिक्षकांच्या ध्यानात येतात. एरवी हुशार असलेला विद्यार्थी सोमवारी फळ्याकडे पाहून डोळे चोळू लागला, साधा हिशेब चुकू लागला, तर तो आळसावला आहे असे न समजता रविवारी त्याची लढत झाली होती काय, हे विचारले पाहिजे. वारंवार उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा गुंगी येत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांनी याबाबत प्रशिक्षकाच्या मर्जीवर काही सोडलेले नाही. डोक्यावरील ठोशांमुळे लढत थांबवावी लागली, तर किमान ३० दिवस स्पर्धा व सराव लढती बंद ठेवाव्या लागतात. शुद्ध हरपली असल्यास हा काळ याहून पुष्कळ मोठा असतो. पुन्हा आरंभ करतानाही पायऱ्या पाळाव्या लागतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, त्यानंतर हलके धावणे, पुढे हवेत ठोसे मारण्याचा सराव, मग पंचिंग बॅग व पॅड. डॉक्टरांनी अनुज्ञा दिल्यावरच दुसऱ्या खेळाडूसमोर उभे राहावयाचे. एका पायरीवर निदान एक दिवस काढावा, आणि लक्षणे पुन्हा दिसल्यास मागील पायरीवर यावे. शाळकरी मुलाने तर प्रथम नेहमीप्रमाणे अभ्यास करू लागावे व नंतरच रिंगकडे वळावे. निवड चाचणी जवळ आली आहे म्हणून डोकेदुखी लपविणारे खेळाडू असतात. त्यांना लपविण्यास साहाय्य करणारे वडीलधारेही असतात. पहिल्या आघातातून मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाला, तर जिवावर बेतू शकते, ही गोष्ट त्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे.

प्रकृती ठीक असल्याची खात्री पटल्यानंतर मग पराभवाचे कारण शोधावयाचे. येथे प्रशिक्षकाची खरी कसोटी लागते. कारण ‘मुलगा कमी पडला’ हे उत्तर सोपे असते, आणि त्यात प्रशिक्षकाच्या स्वतःच्या चुकीस जागा नसते.

कारण चुकीचे धरले म्हणजे उपायही चुकतो, हे समजण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. ते मुष्टियुद्धातील नसून कुस्तीतील आहे. पण सीमेपलीकडील कोल्हापूरच्या आखाड्यांची कीर्ती ऐकून असलेल्या वाचकांस ते परके वाटू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले व सहावे आले. त्यांच्या अंगात बळ किंवा जिद्द कमी नव्हती. त्यांची सारी कुस्ती तांबड्या मातीतली, आणि ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची व निराळ्या नियमांची. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले. उणीव कुठे आहे हे कळल्यावर पुढील चार वर्षांच्या मेहनतीस दिशा मिळाली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

या कथेचा एक भाग मात्र अधिकारी वर्गाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जपानच्या इशीबरोबरची दीर्घ कुस्ती संपताच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी खेळण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून आक्षेप घेण्यास त्या वेळी तेथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. खेळाडूबरोबर नियम जाणणारा माणूस पाठविणे हा प्रवासखर्चातील चैनीचा भाग नव्हे. तालुक्याच्या स्पर्धेलाही हे तितकेच लागू आहे.

मुष्टियुद्धात वारंवार आढळणारी पराभवाची कारणे फार नाहीत. पहिल्या फेरीत बरोबरीत असलेला खेळाडू तिसऱ्या फेरीत हात खाली सोडू लागला, तर दोष बहुधा दम व पाय यांचा असतो. डाव्या हाताचा जॅब मारून तो हात हनुवटीपाशी परत न आणणे ही सवयीची चूक आहे. ती कितीही धावण्याने जात नाही, आरशासमोरच्या संथ सरावाने जाते. डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर गोंधळून हरणे याचा अर्थ एवढाच, की डावखुऱ्याशी सराव झालेला नाही. आज मोबाइलवर लढतीचे चित्रण करता येते. ते खेळाडू व प्रशिक्षक यांनी चार-सहा दिवसांनी, राग व लाज ओसरल्यावर, एकत्र बसून पाहावे. त्यातून एकच चूक निवडावी आणि काही आठवडे तिच्यावरच काम करावे. पवित्रा, बचाव आणि ठोसे मारण्याची पद्धत एकदम बदलू पाहणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती शेवटी काहीच लागत नाही.

वजनाचा प्रश्न निराळा व अधिक अवघड आहे. कमी वजनाच्या गटात सोपे प्रतिस्पर्धी मिळतील या आशेने दोन दिवस उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून उन्हात पळविणे असे प्रकार अनेक ठिकाणी चालतात. गोव्याच्या दमट हवेत घाम भरपूर येतो, पण तो लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. ५० किलोच्या मुलाच्या अंगातील एक किलो पाणी कमी झाले, तरी त्याची काम करण्याची शक्ती घटते. असा मुलगा रिंगमध्ये उतरला म्हणजे तो हरतो, आणि दोष मात्र त्याच्या धैर्यास दिला जातो. वाढीच्या वयात गट बदलणे हे स्वाभाविक मानले पाहिजे. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कडधान्ये व मासळी घरात असताना मुलाला उपाशी ठेवून पदक शोधण्याचे कारण नाही.

मणिपूरच्या मेरी कोम यांची वाटचाल येथे पाहण्यासारखी आहे. २००१ साली पहिल्या महिला जागतिक स्पर्धेत त्या अंतिम लढत हरल्या. दूरच्या प्रवासात व परक्या अन्नामुळे भूक मंदावून आपले वजन घटले होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. दुसऱ्याच वर्षी त्या जगज्जेत्या झाल्या. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, पण ५१, ६० व ७५ किलो असे तीनच गट ठेवण्यात आले. ४८ किलोपर्यंतच्या गटात विजयी होत आलेल्या या स्त्रीस उंच व वजनदार प्रतिस्पर्ध्यांशी लढणे भाग पडले. तयारीसाठी चार्ल्स ॲटकिन्सन हे इंग्लिश प्रशिक्षक नेमण्यात आले, आणि सरावासाठी पुरुष मुष्टियोद्धे समोर उभे करण्यात आले. त्या वर्षी जागतिक स्पर्धेत निकोला ॲडम्सकडून त्या हरल्या. ऑलिंपिकच्या उपांत्य लढतीतही हरल्या. तरीही कांस्यपदक त्यांना मिळाले, आणि ५१ किलोच्या त्याच गटात २०१४ च्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदकही मिळाले. सरावातील जोडीदार पुढील प्रतिस्पर्ध्यासारखा निवडणे, ही प्रशिक्षकाने करावयाची निवड त्यात स्पष्ट दिसते.

आपल्याकडे नेमकी हीच निवड दुर्लक्षिली जाते. व्यायामशाळेत असेल त्याच्यासमोर हरलेल्या मुलास उभे केले जाते, आणि ‘भीती मोडावी’ म्हणून तो पुष्कळदा वयाने व वजनाने मोठा असतो. भीती अशाने मोडत नाही, ती बसते. पराभवानंतरच्या सराव लढती बरोबरीच्या जोडीदाराशी, ठोशांचा जोर कमी ठेवून व एखाद्याच कौशल्यापुरत्या असाव्यात. पुढील स्पर्धाही अशी निवडावी, की जीत निश्चित नसली तरी ती संभवनीय असावी.

प्रशिक्षक बदलावा काय, हा प्रश्न पालक लवकर विचारतात. हरलेल्या प्रत्येक लढतीमागे प्रशिक्षक बदलणाऱ्या मुलाचा पाया कधीच पक्का होत नाही. तथापि दुखापत लपवावयास सांगणारा, वजनासाठी पाणी तोडणारा, किंवा शिष्य मार खात असताना टॉवेल टाकण्यास लाजणारा प्रशिक्षक असेल, तर तो त्याच दिवशी सोडावा. टॉवेल टाकणे म्हणजे गावाची अब्रू घालविणे असे प्रेक्षकांत बसलेल्या काही मंडळींस वाटते. टॉवेल टाकण्याचा अधिकार प्रशिक्षकास नियमानेच दिला आहे, हे शिक्षकांनी ग्रामसभेतही सांगावयास हरकत नाही.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आतल्या गावातून म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलापर्यंत रोज जाणे-येणे शाळकरी मुलास सोपे नाही. संध्याकाळची बस चुकली म्हणजे सराव बुडतो. मुलींच्या बाबतीत तर बहुधा कायमचाच सुटतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस संकुलात पॅड व सराव लढती, आणि उरलेले दिवस शाळेच्या मैदानावर दोरीवरच्या उड्या, धावणे व पदन्यास अशी विभागणी अधिक व्यवहार्य ठरते. शाळेतील शारीरिक शिक्षकास मुष्टियुद्ध शिकवता येत नसले, तरी एवढे काम पाहता येते.

याच शिक्षकाने प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवावी. तीत दर आठवड्याचे वजन, लढतींच्या तारखा, डोक्यास लागलेला मार, डॉक्टरांचा शेरा आणि सध्या सुधारावयाची एकच चूक, एवढे लिहिलेले असावे. मुलगा पुढे पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी निवडला गेला किंवा त्याचा प्रशिक्षक बदलला, तर ही वही त्याच्याबरोबर नव्या प्रशिक्षकाच्या हाती द्यावी, व तिची एक प्रत शाळेत ठेवावी.